कपाटावरची कात्री

लेक अकरा आठवड्यांची होती. झोपेत तिनं स्वतःच्याच गालाला नख मारून घेतलं होतं आणि नवरा तिची नखं कापायची कात्री शोधत होता. निळ्या मुठीची, टोकं गोल केलेली, करंगळीएवढी कात्री. तिच्या डब्यात नव्हती, खणात नव्हती. मला विचारलं तर मी "बघते" म्हणाले आणि जागची हलले नाही. शेवटी त्यानं स्टुलावर चढून कपाटावरची बॅग सरकवली, तर मागे एक दुपटं होतं, घट्ट गाठ मारलेलं. आत ती कात्री. माझी शिवणाची मोठी कात्रीही. दाढीच्या ब्लेडचं पाकीट. आणि स्वयंपाकघरातली धारदार सुरी, जी हरवली असं मीच त्याला सांगितलं होतं.

त्यानं ते दुपटं पलंगावर ठेवलं. "हे तू ठेवलंस?"

मी हो म्हणाले. मग खाली बसले, आणि अकरा आठवड्यांत पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं.

लेक आता साडेतीन वर्षांची आहे. हे मी याआधी दोनदा लिहून पुसलं. पण गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला फोन केला, तीही नुकतीच बाळंत झालेली, आणि ती म्हणाली, "बरी आहे गं, झोप होत नाही एवढंच." शब्द तर माझेच होते, आवाजही माझाच वाटला. म्हणून या वेळी पुसत नाही.

बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणजे सारखं रडत बसणं, अशी माझी समजूत होती. त्यामुळेच मला ते ओळखता आलं नाही. रडू मला पहिल्या आठवड्यातच येऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि त्याच संध्याकाळी सुरू झालं. कुणी पाण्याचा पेला हातात दिला तरी डोळे भरून यायचे. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं कितीतरी पटींनी वाढलेली असतात, वार पडली की ती काही दिवसांत एकदम खाली येतात, वर टाके आणि जागरण. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना असं रडू येतं, त्याला बेबी ब्लूज म्हणतात, आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. माझंही दहाव्या दिवशी थांबलं. घरातले म्हणाले, सावरली हो.

रडू थांबलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. लेक हसली की सगळे हसायचे, मग मला कळायचं की आता हसायचंय, आणि मी तोंड हसरं करायचे. तिला वेळेवर पाजत होते, वेळेवर पुसून कोरडी करत होते, एकही लस चुकली नाही. बाहेरून बघणाऱ्याला मी फार नेटकी आई वाटले असणार. पण तिला कडेवर घेतलं की दुसऱ्या कुणाचं तरी बाळ थोडा वेळ सांभाळायला दिलंय, आणि ते परत घ्यायला कुणी येतच नाही, असं वाटायचं.

राग मात्र यायचा. नवरा झोपेत श्वास घेतो त्या आवाजाचा मला राग यायचा. सासूबाई बाळाला थोपटताना गुणगुणायच्या, त्याचा राग यायचा. चिडचिड हेही नैराश्याचं लक्षण असू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धरून चालले की आपला स्वभावच वाईट निघाला, आई झाल्यावर उघडा पडला.

आणि झोप. नव्या आईची झोप होत नाही हे जगाला माहीत आहे, त्यामुळे याबद्दल बोललं की सगळे समजूतदारपणे मान हलवतात आणि विषय संपतो. माझं वेगळं होतं. लेक झोपायची. चांगली दोन-दोन तास झोपायची. मी झोपायचे नाही. डोळे जळायचे, पाठ मोडून यायची, आणि मी अंधारात तिच्या पोटाकडे बघत बसायचे, वर-खाली होतंय ना म्हणून.

त्यातच ती चित्रं सुरू झाली. तिला घेऊन जिना उतरताना एकदम डोळ्यांसमोर यायचं की ती माझ्या हातून खाली पडते आहे. निसटून पडते आहे असं नाही. मी टाकते आहे असं. तिची नखं कापायला कात्री हातात घेतली आणि असंच काहीतरी दिसलं. काय दिसलं ते मी इथे लिहिणार नाही. मी कात्री खाली ठेवली, बाथरूममध्ये जाऊन उलटी केली, आणि त्याच दुपारी ते गाठोडं बांधून कपाटावर टाकलं. त्यानंतर जिना एकटीनं उतरले नाही. बाहेर जायचं म्हटलं की काहीतरी कारण काढायचे, आणि अशी कारणं लोक बाळंतिणीकडून बिनतक्रार ऐकून घेतात.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला गेले होते ना मी. टाके बघितले, बीपी घेतलं, वजन केलं. बाळाचं वजन किती वाढलं ते विचारलं. शेवटी फाइल मिटता मिटता, "बाकी ठीक?" मी म्हटलं, "ठीक." जेमतेम पाच मिनिटं. आजही मला त्या प्रश्नाचं वाईट वाटतं. फाइल मिटताना विचारलेल्या प्रश्नाला कोण खरं उत्तर देईल? तरी मी देणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. पण मनात एकच भीती होती: हे सांगितलं तर मला वेडी ठरवतील आणि लेक माझ्यापासून काढून घेतील.

कात्री सापडली त्या रात्री नवऱ्यानं दोन गोष्टी केल्या, त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. एक म्हणजे "काहीतरीच काय विचार करतेस" असं तो म्हणाला नाही. आणि ते गाठोडं उचलून त्यानं पुन्हा कपाटावरच ठेवलं. म्हणाला, "तुला तिथे असलेलं बरं वाटतं ना, मग राहू दे. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पन्नाशीच्या बाई होत्या. बाहेर बसलेलं असतानाच एक कागद भरायला दिला, दहा प्रश्नांचा. एडिंबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. १९८७ साली जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये तयार केलेली ही प्रश्नावली आता जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दलचा, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. पूर्वीसारखं हसू येतं का, पुढच्या गोष्टींची वाट बघावीशी वाटते का, काही बिघडलं की विनाकारण स्वतःलाच दोष देता का, उगाच भीती वाटते का. थकवा येतो का, हा प्रश्न त्यात नाही. तो मुद्दामच घेतलेला नाही, कारण थकवा तर प्रत्येकच बाळंतिणीला असतो, त्यावरून काही कळत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं.

तरीही त्या कागदावर मी खोटं लिहिलं. सवयीनं. सगळीकडे सौम्य उत्तरावर खूण केली आणि बेरीज सहा झाली.

डॉक्टरांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि माझ्या मांडीवरच्या वहीबद्दल विचारलं. ती बाळाची वही होती. कधी पाजलं, कुठल्या बाजूनं, किती मिनिटं, लंगोट किती ओले झाले, सगळं मी लिहून ठेवायचे. त्यांनी ती मागून घेतली आणि सावकाश पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "१.४० ला पाजलंय. मग २.०५, झोपली. २.२०, झोपली. २.३५, झोपली. ४.१० पर्यंत दर पंधरा मिनिटांनी 'झोपली' लिहिलंय. बाळ झोपलं होतं. तुम्ही काय करत होता?"

मला बोलता येईना. त्यांनी नवा कागद पुढे केला. या वेळी बेरीज एकोणीस झाली.

या प्रश्नावलीत तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच असते. दहाच्या पुढेच डॉक्टर नीट चौकशी करायला लागतात. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं. पण दहावा प्रश्न वेगळा आहे. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि तिथे 'कधीच नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर असेल तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्यावर लगेच बोलावंच लागतं. मी 'क्वचित' वर खूण केली होती. त्यांनी आवाज न बदलता सरळ विचारलं: जीव द्यावा असं वाटतं का? कसा, याचा विचार केलाय का? मी म्हटलं, तसं नाही, पण झोपावं आणि उठूच नये असं रोज वाटतं. इतकं सरळ विचारलं म्हणून मला धक्का बसेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. कुणीतरी दार उघडून आत आल्यासारखं वाटलं.

मग मी कात्रीचं सांगितलं, आणि विचारलं, मी वेडी होतेय का.

त्यांनी जे समजावलं ते जवळजवळ तसंच लिहिते, कारण माझ्यासारख्या कितीजणी हे एकटीनं पोटात घेऊन बसल्या असतील. बाळाला आपल्या हातून काही होईल अशी नको ती चित्रं मनात येणं नव्या आयांमध्ये खूपच सामान्य आहे, बापांनाही येतात. डिप्रेशन आणि चिंता असली की ती जास्त येतात, चिकटून राहतात. ती आली की आईला किळस येते, भीती वाटते, ती वस्तू लपवते, बाळापासून लांब पळते. "तुम्ही सुरी कपाटावर ठेवलीत," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बाळाला जपत होता."

प्रसूतीनंतरचा सायकोसिस हा निराळा आजार. हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन जणींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आणि फार वेगानं. बाई झोपतच नाही आणि तरी थकत नाही, एकातून दुसरं बोलत सुटते किंवा एकदम गोंधळून जाते, नसलेले आवाज तिला ऐकू येतात, बाळात काहीतरी अशुभ आहे किंवा दैवी आहे असं तिला खरंच पटलेलं असतं. त्या विचारांची तिला भीती वाटत नाही, ते तिला खरे वाटतात. असं दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही, तिला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. उपचारांनी त्यातूनही बायका बऱ्या होतात.

त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि थकवा, चिडचिड, उदासी हे सगळं त्यातूनही येऊ शकतं. माझं थायरॉइड बरोबर निघालं, रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि सर्ट्रालिन ही डिप्रेशनवरची गोळी.

गोळीवरून घरात दोन दिवस गेले. माझी आई म्हणाली, "अगं, अंगावर पितंय बाळ. डोक्याची औषधं कसली घेतेस? आम्ही नाही का काढलं सगळं?" तिला मी दोष देत नाही, तिला कुणी दुसरा मार्गच दाखवला नव्हता. पुढच्या वेळी तिलाच सोबत नेलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की पाजणाऱ्या आयांसाठी याच गोळीचा अनुभव सर्वांत जास्त आहे, दुधातून बाळापर्यंत तिचा फार थोडा अंश पोचतो, आणि उपचार न केलेल्या डिप्रेशनचा त्रास बाळाला त्याहून जास्त होतो. आईनं ऐकून घेतलं. परतताना रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "रात्री चारचं दूध मी देत जाईन. तू काढून ठेव."

माझ्या मते उपचारांइतकाच त्या चारच्या दुधाचा उपयोग झाला. रात्री दहा ते तीन नवरा, चारला आई. काढलेलं दूध पुरलं नाही तर वरचं दूध द्यायचं, त्यावर चर्चा नाही. मला सलग पाच तास दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं, असं डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिलं होतं. नातेवाइकांना चिठ्ठी दाखवता येते, हा त्याचा एक मोठा फायदा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, आणि त्यात सर्वांत जास्त असतं ते नैराश्यच. अमेरिकेत २०२३ साली झुरानोलोन नावाचं, चौदा दिवस तोंडानं घ्यायचं औषध खास याच आजारासाठी मंजूर झालं. मला ते मिळालेलं नाही, माझं साध्या गोळीवर भागलं. पण ती बातमी वाचून मला फार आधार वाटला. आळशीपणासाठी, नाटकांसाठी, वाईट स्वभावासाठी कुणी औषध शोधत बसत नाही.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले आठ दिवस तर मळमळ आणि हाताला कंप एवढंच हाती आलं, मला सोडून द्यावीशी वाटली. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वही उघडली तर दुपारचं एक पाजणं लिहायचं राहिलं होतं. राहिलं होतं आणि मला चार तास आठवणही झाली नव्हती. मी नवऱ्याला बोलावून ती रिकामी ओळ दाखवली.

गाठोडं मात्र गोळीनं खाली आलं नाही. त्यासाठी समुपदेशक होत्या, आठवड्यातून एकदा. त्यांची पद्धत अशी की ज्याला घाबरतो त्याच्यापाशी थोडं थोडं जायचं, पळायचं नाही, मनातल्या चित्राशी वादही घालायचा नाही. आलं तर येऊ द्यायचं. पहिल्या आठवड्यात फक्त ब्लेडचं पाकीट खाली. मग शिवणाची कात्री टेबलावर, मी त्याच खोलीत. मग सुरी, आधी लेक शेजारच्या खोलीत असताना, नंतर ती समोर असताना. निळी कात्री शेवटी ठेवली होती. ज्या दिवशी नखं कापली त्या दिवशी लेक झोपलेली होती आणि नवरा दाराशी उभा होता. उजव्या हाताची करंगळी आधी. पातं नखाखाली घातलं आणि थांबले, चित्र आलं, हात तसाच धरून ठेवला. ते गेलं. मग कट्. अर्ध्या चंद्राएवढंही नाही, मोहरीच्या सालपटाएवढं नख माझ्या तळव्यावर पडलं. दहा बोटांना पंचवीस मिनिटं लागली. मधे एकदा ती झोपेत हात ओढून घेते आहे असं वाटलं, तर तिनं माझं बोट मुठीत धरलं होतं.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांनीच उशिरा बघितली. तिसऱ्या भेटीला डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, तुमचं काय? तो मोठ्यानं हसला आणि मग बोलायचाच थांबला. रोज संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर तो खाली गाडीत वीस मिनिटं बसून राहायचा, जिना चढायचं धैर्य गोळा करत. साधारण दहातल्या एका बापाला या काळात डिप्रेशन येतं. त्यालाही मदत लागली, आणि त्यानं ती घेतली.

सरळ रेषेत काही झालं नाही. पाचव्या महिन्यात पुन्हा चार वाईट दिवस आले. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची असते. मी चौदा महिन्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी करत थांबवली. दुसऱ्या मुलाचा विचार केला तर आधीच, गरोदरपणातच त्यांना भेटायचं ठरलेलं आहे, कारण एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

तर ती मैत्रीण. "बरी आहे गं," ती म्हणाली. मी तिला "बाकी ठीक?" असं विचारलं नाही. विचारलं, "रात्री बाळ झोपलं की तुला झोप लागते?"

ती गप्प झाली. मी फोन कानाला धरून बसले. पलीकडे पाळण्याची कडी कुरकुरत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "नाही लागत."

मी विचारलं, "उद्या सकाळी येऊ की दुपारी? बाळाला मी धरते, आपण दोघी जाऊ."

"सकाळी," ती म्हणाली.